उजव्या चाकाचा खुलासा

शनिवारी सकाळी मैदानाच्या मधोमध आमची मशीन भोवऱ्यासारखी गरागरा फिरायला लागली आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या मल्लेशनं टाळ्या वाजवल्या.

"वा वा, अंजूवैनी! गवत कापायलाव का गरबा खेळायलाव?"

मशीनवर माझी सून बसली होती. तिनं दोन्ही दांडे बाहेर पाडले, किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. डोईवरची टोपी काढली, तोंडावरचा भुसा पुसला.

"अत्ती, उजवं चाक पुन्हा गेलं."

आम्ही उदगीरकडचे. कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतो, म्हणून सासूला अत्ती.

"गेलं कुठं? हितंच तर दिसायलंय," मी म्हणाले. राग आला की माझ्या तोंडाला कुंपण राहत नाही. "काल तेच, आज तेच. कुठं आदळलीस? दगडावर घातलीस? खरं काय ते सांग."

"कुठंच न्हाई आदळले."

"मग काय दृष्ट लागली लोखंडाला?"

एकवीस बाया खुरपी थांबवून बघत होत्या. सासू-सुनेचं भांडण फुकट बघायला मिळालं तर कोण सोडतं? अंजूनं मान खाली घातली नाही, पण कान लाल झाले. ते मला दिसलं. तरी मी थांबले नाही, हे आधीच सांगून टाकते.

चाकूर सोडून लातूरकडं निघालं की उजव्या हाताला आमची संस्था लागते. शाळा, कॉलेज, मुलींचं वसतिगृह, आणि पुढं हे एवढं मोठं मैदान. एकोणीस वर्षं झाली, इथली झाडं, हिरवळ आणि मैदान माझ्याकडं आहे. शाळा तिसरीपर्यंत शिकले, पण इथले एम.ए. झालेले मास्तर कुंडीत पाणी किती घालायचं ते मला विचारून घालतात.

गेल्या वर्षी संस्थेनं ही मशीन आणली. बसून चालवायची, पण हिला स्टेअरिंग नाही. दोन हातांत दोन दांडे. उजवा दांडा उजव्या चाकाचा, डावा डाव्याचा. दोन्ही सारखे पुढं लोटले की सरळ जाते; एक पुढं, एक मागं केला की जागच्या जागी वळते. प्रत्येक चाकाला आपापला तेलाचा पंप. तेलाच्या दाबावर चाक फिरतं, मध्ये गिअर नाही, क्लच नाही. पहिल्या दिवशी मल्लेश ऐटीत बसला आणि सरळ झेंड्याच्या ओट्यावर जाऊन चढला. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पंप चालवणारा बसला, तो गुलाबाच्या वाफ्यात गेला. तिसऱ्या दिवशी अंजू म्हणाली, "मी बघू का?" माहेरी ती लहानपणापासून कोळपं हाकायची. दोन बैल, दोन कासरे, कुठला किती ओढायचा ते हाताला ठाऊक. चार दिवसांत तिनं मैदानावर अशा रेघा पाडल्या की वसतिगृहाच्या मुली गच्चीवरून फोटो काढायला लागल्या.

तेव्हापासून मल्लेशच्या पोटात दुखतं. तो संस्थेच्या सचिवांचा भाचा. ट्रॅक्टर चालवतो, म्हणजे बहुतेक वेळ ट्रॅक्टरवर बसून राहतो.

टाळ्यांचा आवाज ऐकून सचिव शिवलिंगआप्पा ऑफिसातून बाहेर आले. आप्पा मोठ्यानं बोलत नाहीत. त्यांचं हळू बोलणंच जास्त बोचतं.

"लक्ष्मम्मा, सोमवारी मुलींचे विभागाचे सामने आहेत. नांदेड, हिंगोली, परभणी, सगळीकडनं संघ येणार. गवत घोट्याच्या वर आलंय."

"दिसतंय आप्पा. डोळे हायत मला."

"कंपनीचा माणूस पुण्याहून यायला पंधरा दिवस लागतात. चार वाजेपर्यंत वाट बघतो. नाहीच झालं तर लातूरहून खांद्यावरची यंत्रं मागवून गवत काढून घेऊ. पण मशीन दुरुस्त झाल्यावर तिच्यावर मल्लेश बसेल. अंजूनं आपलं खुरपं धरावं. आणि कशानं बिघडली त्याचा खुलासा तिनं आजच लिहून द्यावा."

"तिनं बिघडवली असं कुणी सांगितलं?"

"वर्षभर नीट चाललेली मशीन चालवणाऱ्याच्या हातानंच बिघडते. दुसरं कुणी बसतं का तिच्यावर?"

एवढं बोलून ते गेले. मल्लेश मिशीतल्या मिशीत हसत होता. अंजू सीटवर हात ठेवून उभी राहिली, जशी कुणी आपल्या गायीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहतं.

तिचं ते उभं राहणं बघून माझा राग फिरला. घरात मी तिला शंभर बोलेन. तो माझा अधिकार. पण वर्षभर कमावलेली जागा त्या झेंड्याच्या ओट्यावर चढणाऱ्याला द्यायची? माझ्या डोळ्यांदेखत?

"धुरपताबाई," मी आमच्यातल्या थोरल्या बाईला म्हणाले, "तू आणि बाकीच्या कडेकडेनं काढायला लागा. अंजू, फोन आण. आनंदराजला लाव."

आनंदराज नांदेडचा. जेसीबी आणि पोकलेनची कामं करतो. उन्हाळ्यात आमच्या मशीनचं तेल बदलायला तोच आला होता. फोन उचलल्यावर मागनं खडखडाट ऐकू आला.

"जय भीम, मावशी. बोला."

"शरणार्थ बाबा. आमची मशीन उजवीकडं गोल फिरायलीय. येतोस का?"

"आज न्हाई जमत. देगलूरच्या पुढं पोकलेन उघडून बसलोय, निम्मी पोटातली आतडी बाहेर हायत. मंगळवारी येतो."

"मंगळवारी आलास तर तेराव्याला आलास समज. मला आज पायजे. तू बोल, आम्ही करतो."

तो हसला. "बरं. आधी सांगा, सुरुवातीपासनं फिरती का तापल्यावर?"

मी अंजूकडं बघितलं. ती म्हणाली, "पंधरा मिनिटं एकदम सरळ जाती. मग उजवं चाक मऊ पडतं. दांडा पूर्ण पुढं लोटला तरी जोर लागत न्हाई. अर्धा तास बंद ठेवली की पुन्हा पंधरा मिनिटं चालती."

"म्हणजे तेल तापल्यावर. असं करा. आधी गार होऊ द्या. किल्ली काढून खिशात ठेवा. मग तेलाची टाकी बघा, पंपावरचे पंखे बघा, पट्टा बघा. आणि एक ऐका. गळती कुठं हाय ते हातानं चाचपायचं न्हाई. दाबाचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, बोट कापायची पाळी येती. पुठ्ठा धरायचा, पुठ्ठ्यावर डाग पडतो. बिघडायच्या आधी काही वेगळं झालं होतं का? कुणी उघडली, कुठं अडकली?"

"काही झालं न्हाई," मी म्हणाले. "माझ्या नजरेखाली असती ती."

मशीन गार होईस्तोवर आम्ही चहा घेतला. मग मी पदर खोचला आणि जाजम टाकून मशीनच्या मागं बसले. अंजू आडवी होऊन खाली शिरली.

लग्नाआधी सहा वर्षं मी उदगीरला तेलाच्या घाण्यावर कामाला होते. करडई, शेंगदाणा, जवस. तेल बघितलं की मला त्याच्या पोटातलं कळतं. उजव्या टाकीचं टोपण उघडलं. तेल खुणेपर्यंत होतं. बोटावर थेंब घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाला लावला. जळका वास नाही. दुधाळ रंग नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. फेस नाही. डाव्या टाकीतलं पण तसंच.

"तेल निरोगी हाय," मी म्हणाले.

"गळती पण न्हाई," खालून आवाज आला. "पुठ्ठा कोरडा."

मल्लेश येऊन डोक्यावर उभा राहिला. "काय अम्मा, वास घेऊन मशीन दुरुस्त करायलाव? भजी तळायची असतील तर मला सांगा, मी कांदे आणतो."

"आण," मी म्हणाले. "कापायला तूच बस. तेवढंच रडून घेशील."

बाया हसल्या. तो चार पावलं मागं सरला, पण गेला नाही.

पुढं पंखे. प्रत्येक पंपाच्या डोक्यावर काळा पंखा असतो, तेल गार ठेवायला. उजव्या पंपाच्या खाचांत वाळलेलं गवत आणि माती अशी गच्च बसली होती की चिमणीनं घरटं केलंय वाटावं. माझ्या मनानं उडी घेतली. "हेच! वारा लागत न्हाई, तेल तापतं, चाक मरतं." खराट्याच्या काड्या मोडून आम्ही एकेक खाच कोरली, जुन्या दातांच्या ब्रशनं घासली. अर्धा तास गेला. डावी बाजूही साफ केली.

अंजू मशीनवर बसली. सरळ गेली, वळली, सरळ आली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. अठराव्या मिनिटाला मी मल्लेशकडं बघून हाताचा अंगठा दाखवला. विसाव्या मिनिटाला मशीन उजवीकडं वळायला लागली.

माणसानं अंगठा लवकर दाखवू नये.

"पाच मिनिटं वाढली," अंजू म्हणाली. "म्हणजे तेल गार राहिलं तर जास्त चालती. पण मूळ दुखणं दुसरंच हाय."

मी तिच्याकडं बघत राहिले. ही पोरगी रागावली होती, अपमान गिळला होता, आणि तरी मिनिटं मोजत होती.

पट्टा बघितला. अंगठ्यानं दाबला, ताठ होता. चकाकी नाही, चीर नाही. तसंही पट्ट्यावर माझा संशय नव्हता. एकाच पट्ट्यावर दोन्ही पंप फिरतात. पट्टा ढिला असता तर दोन्ही चाकं रडली असती. इथं एकच रडतंय. एका सुनेनं स्वयंपाक केला आणि एकाच माणसाचं पोट दुखलं, तर दोष चुलीचा नसतो.

दांड्यापासून पंपापर्यंत जाणाऱ्या सळया अंजूनं वितीनं मोजल्या. दोन्हीकडं सारख्या सरकत होत्या. नट ढिला नाही, पिन झिजलेली नाही.

तोवर बारा वाजून गेले. ऑक्टोबरचं ऊन मानेवर बसलं होतं. धुरपताबाईनं भाकरी आणून दिली. मी दोन घास खाल्ले, अंजूनं तेही नाही. ती ऑफिसच्या दाराकडं बघत होती. तिथं आप्पांच्या शिपायानं कोरा कागद आणून ठेवला होता, खुलाशासाठी.

"अत्ती," ती हळू म्हणाली, "लिहून देते मी. काय लिहायचं ते सांगा. भांडण नको."

"काय लिहिशील?"

"चालवताना लक्ष न्हवतं म्हणून."

"होतं का लक्ष?"

"होतं."

"मग खोटं लिहायला शाळा शिकलीस का? बस खाली. आनंदराजला लाव पुन्हा."

त्याला सगळं सांगितलं. तेल, पंखे, पट्टा, सळया. तो म्हणाला, "मावशी, एक राहिलं. पंप आतून झिजला असंल तर उघडावाच लागतो, सील मागवावं लागतं. पण त्याच्या आधी एक करा. इंजिन बंद ठेवून मशीन ढकलून बघा. नीट असली तर हलायला नको. दोन्ही चाकं जड लागली पायजेत. ज्या बाजूचं चाक सहज फिरतं, तिथनं तेल पळायलंय."

चार बाया लावल्या. "हूं" म्हणून जोर लावला. मशीन सरळ गेली नाही. डावं चाक खांबासारखं उभं राहिलं आणि उजवं सुरसुर पुढं पळालं. सगळी मशीन डावीकडं वळून धुरपताबाईच्या पायावर येता येता राहिली.

"अगं माय! मला मारतीस का म्हातारपणी!"

मी फोनवर ओरडले, "उजवं पळतंय!"

"मागं दोन गज हायत का बघा. इंजिनाच्या खाली, दोन्ही बाजूला एकेक. बोटाएवढे जाड."

"हायत. मला ठाऊक हायत. ते बाहेर ओढले की चाकं मोकळी होतात, मशीन ढकलता येती."

"बराबर. ते बाहेर असले की तेल चाकाला दाब न देता आतल्या आत गोल फिरतं. ते कुणी ओढले होते का?"

आता मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलेच नव्हते. फक्त ते बिघडण्याच्या खात्यात मोजलं नव्हतं.

"बुधवारी," मी म्हणाले. "खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्यात यंत्राला कामाला लावत न्हाईत. सुरूसुद्धा करायची न्हाई. शेडातनं ऑफिसापुढं पूजेला न्यायची होती, म्हणून मी सांगितलं, ढकलत न्या. अंजूनं गज ओढले, दहा बायांनी ढकलली."

"आणि परत आत कुणी घातले?"

"अंजूनंच. शुक्रवारी सकाळी."

"मग बघा, उजवा पूर्ण आत बसला न्हाई. अर्धवट राहिला असंल. गार तेल काकवीसारखं घट्ट असतं, फटीतनं कमी पळतं. तापलं की पाणी. पळून जातं सगळं."

मला चटकन कळलं. पाटाचं दारं अर्धवट बुजवलं की तसंच होतं. मोटर चालू, पाणी भरपूर, पण सरी कोरडी, कारण पाणी मागच्या मागं पळतंय.

फोन ठेवला आणि मी अंजूवर धावून गेले. काय करू, जीभ माझ्या आधी पळते.

"बघितलंस? गज तूच घातलास! सकाळपासनं विचारायलेय, काय केलंस, काय केलंस. एवढंसं काम धड करता येत न्हाई? आप्पा सांगत होते तेच खरं!"

मल्लेश लगेच पुढं आला. "मामा म्हणलेच होते, अम्मा."

"दोन्ही आत घातले होते," अंजू म्हणाली. "फिरवून बघितले. जेवढा आत गेला तेवढा ढकलला."

"जेवढा गेला तेवढा! बघू दे मला."

मी गुडघ्यांवर टेकले. गुडघे कुरकुरले. वाकून डावा गज बघितला. पत्र्याला घट्ट टेकलेला. उजवा बघितला. पत्रा आणि गजाची कडी यांच्यामध्ये नखभर फट. आत काहीतरी काळपट, तेलात भिजलेलं. नख लावलं तर मऊ लागलं.

"चिमटा दे," मी म्हणाले.

अंजू शेजारी आडवी झाली. तिनंच चिमट्यानं धरलं, गज थोडा बाहेर ओढला, आणि ते उपसून काढलं. सुतळीची गाठ. एकावर एक तीन गाठी, ओढून ओढून मारलेल्या. शेवटाला झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटलेली.

अशा तीन गाठी या संस्थेत एकच बाई मारते.

बुधवारी गज बाहेर निघालेले होते. हार मोठा, मशीन पसरट. एक टोक सीटमागच्या कमानीला बांधलं, दुसऱ्या टोकाला जागा शोधत होते. तो गज खुंटीसारखा पुढं आलेला दिसला आणि मी त्याला सुतळी बांधली. अंजू तेव्हा म्हणाली होती, "अत्ती, तिथं नको." मी म्हणाले होते, "पूजा मला शिकवू नको." शुक्रवारी उजाडता हार मीच उतरवला. उतरवला कसला, ओढून तोडला. गाठ तिथंच राहिली, आणि अंजूनं गज आत ढकलला तेव्हा तिच्यासकट आत गेली.

अंजूनं मशीनखालून हात बाहेर काढला आणि ती सुतळी माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही दोघी जमिनीवर होतो, मशीनच्या आडोशाला. बायांना काही दिसलं नव्हतं. मल्लेशलाही नाही. तळहात मिटला असता तर ती कुणालाच दिसली नसती.

"तुला काही म्हणायचं हाय का?" मी विचारलं.

"मला गवत कापायचंय, अत्ती."

तिनं गज आत घातला. या वेळी तो खट् करून पत्र्याला टेकला. आम्ही पुन्हा ढकलून बघितलं. चार बायांनी दात खाल्ले, मशीन बोटभरसुद्धा हलली नाही. मग उन्हाळ्यात तेल बदलताना आनंदराजनं दाखवलं होतं तसं मागचं धूड उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, इंजिन सुरू करून चाकं अधांतरी ठेवली, आणि दांडे पाच-सहा वेळा सावकाश पुढं-मागं केले, आत हवा राहिली असली तर निघावी म्हणून. ठोकळे काढले. अंजूनं टोपी घातली.

दीड वाजता सुरू केलं. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. या वेळी मी अंगठा दाखवला नाही. पाऊण तास झाला. ऊन डोक्यावर, तेल तापलेलं, आणि मशीन सुतात ओढल्यासारखी सरळ. वळायला आली की तिथल्या तिथं वळे, आणि मागच्या पट्ट्याला घासून पुढचा पट्टा पाडत जाई. धुरपताबाई म्हणाली, "केस विंचरल्यासारखं करायलीय."

मी मात्र कडुनिंबाखाली बसून हातातली सुतळी चोळत होते.

काय काय आलं मनात, सांगते. मशीन चालली, म्हणजे झालं. कुणी विचारलं तर सांगायचं, कचरा अडकला होता. ते खोटंही नाही. कचराच तो. एकोणीस वर्षं इथं कुणी मला चूक दाखवली नाही, कारण मी दाखवायला जागा ठेवली नाही. बायांना बोलते, माळ्यांना बोलते, मास्तरांना बोलते. तो मल्लेश उद्यापासून मला बघून टाळ्या वाजवेल.

चारला दहा मिनिटं कमी असताना आप्पा आले. कागद हातात. मैदान बघून थांबले.

"चालली की. काय झालं होतं?"

अंजूनं मशीन थांबवली, उतरली, जवळ आली. आप्पांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "गज पूर्ण आत बसला नव्हता, आप्पा."

"गज कुणी घातला होता?"

"मी."

"मग खुलाशात तेच लिही," आप्पा म्हणाले आणि कागद तिच्यापुढं धरला. "आज चालली, चांगलं झालं. पण अशी चूक पुन्हा होऊ नये. मंगळवारपासून मल्लेशला शिकव."

तिनं पेन घेतलं. माझं नाव सांगितलं असतं तर सुटली असती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात मल्लेश म्हणाला, "शिकवायचं काय त्यात? गज आत घालायला काय लागतं? अक्कल लागती."

मी उठले.

"मल्लेश, तू गप. अक्कल असती तर झेंड्याला प्रदक्षिणा घातली असतीस, त्याच्यावर चढला नसतास." मग मी आप्पांच्या पुढं मूठ उघडली. "आप्पा, हे बघा. ही माझी गाठ. खंडेनवमीला हार बांधायला मी त्या गजाला मारली. हिनं नको म्हणलं होतं, मी ऐकलं न्हाई. हार तोडला, गाठ तिथंच ठेवली. त्या गाठीनं गज अडवला. हिनं घातला तो बराबर घातला. हिची चूक न्हाई. माझी हाय."

धुरपताबाईच्या तोंडून "अगंबाई" निघालं, आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं नाही. हसू दे.

आप्पांनी सुतळी उचलून बघितली. "लक्ष्मम्मा, मग सकाळपासनं हिला का बोललात?"

"बोलायची सवय हाय म्हणून."

"हे लिहून द्यावं लागेल."

"द्या कागद. मला लिहिता येतं."

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवला. पेन हातात घेतलं की माझा हात जड होतो, अक्षरं एकमेकांना टेकून उभी राहतात. तरी लिहिलं. 'खंडेनवमीला मशीनच्या उजव्या गजाला हार मी बांधला. गाठ आत अडकली. म्हणून चाकाला जोर लागला नाही. अंजूनं नको म्हणलं होतं. लक्ष्मम्मा.' चार ओळींना पाव तास लागला. आप्पा थांबले. मल्लेशसुद्धा थांबला, कारण त्याचाच ट्रॅक्टर होता.

आप्पांनी कागद वाचला, घडी घातली.

"मशीनवर अंजूच बसेल," ते म्हणाले. "आणि एक. पूजा करा, हार घाला, नारळ फोडा. पण त्या मशीनला हात लावायचा तर आधी अंजूला विचारायचं. मल्लेशनं पण. तुम्ही पण."

"मी?"

"तुम्ही आधी."

माझ्या तोंडात पाच उत्तरं तयार होती. पाचही गिळली.

उरलेलं मैदान अंजूनं साडेपाचपर्यंत काढलं. शेवटचा पट्टा झाल्यावर मशीन शेडापुढं आणून उभी केली. भुशानं नुसती माखली होती. मी फडकं घेऊन पुढं गेले, उजव्या पंपावरचं गवत झाडायला. रोज झाडते.

"अत्ती," अंजू सीटवरूनच म्हणाली, "आत्ता नको. तापलंय. हात भाजंल."

सगळ्या बाया डबे आवरत होत्या. सगळ्यांचे कान इकडं.

"मग कधी झाडू?" मी विचारलं.

"मी सांगते तेव्हा."

मी फडकं खांद्यावर टाकलं आणि शेडाच्या पायरीवर बसले. ती उतरली, माझ्या शेजारी बसली, दुपारची राहिलेली भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढं केली. सकाळच्या बोलण्याबद्दल तिनं अजून मला माफ केलेलं नव्हतं. ते तिच्या भाकरी मोडण्यावरून कळत होतं. मी घेतली. इंजिन गार होताना टिक्-टिक् वाजत होतं, आणि ती कधी सांगते याची मी वाट बघत होते.